चार्जिंगचा दिवा मंद पेटतो: अल्टरनेटर न उघडता सापडलेले दोन दोष

गाडीतला अल्टरनेटर (इंजिनाच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) ल्यूकस १७एसीआर, ३६ अँपिअरचा. इंजिन चालू असताना डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा लाल दिवा पूर्ण विझत नाही, राखेखालच्या निखाऱ्यासारखा तांबूस राहतो. हेडलाइट लावले की वाढतो, ब्लोअर लावला की आणखी वाढतो. बेल्टचा ताण ठीक आहे, मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण १२ मिमी दबतो.

हा दिवा चार्जिंगचा करंट मोजत नाही. त्याच्या एका बाजूला इग्निशन स्विचकडून येणारं व्होल्टेज असतं, दुसऱ्या बाजूला अल्टरनेटरच्या आतल्या तीन छोट्या डायोडमधून (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) येणारं. दोन्हीकडे सारखं झालं की फिलामेंटमधून काही वाहत नाही आणि दिवा विझतो. फरक उरला तर पेटतो, मग जास्त कुठल्याही बाजूला असो. म्हणून दिवा मंद दिसला म्हणून लगेच अल्टरनेटर उतरवायला घेऊ नये. आधी दिव्याच्या दोन्ही बाजू मोजाव्यात.

२००० आरपीएमला, हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून, मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर धरून मिळालेली रीडिंग, व्होल्टमध्ये: अल्टरनेटरचं दिव्याकडे जाणारं बारीक टर्मिनल (आयएनडी, तपकिरी-पिवळी वायर) १४.३, बॅटरीकडे जाणारं जाड टर्मिनल १४.२, बॅटरी पॉझिटिव्ह १३.०, दिव्याची इग्निशन बाजू १२.१. म्हणजे दिव्यावर थेट २.२ व्होल्ट पडत होते. अल्टरनेटरची बॉडी ते बॅटरी निगेटिव्ह फक्त ०.०८, तेव्हा अर्थिंग चांगलं. बॅटरीवर एसी रेंजमध्ये ०.२, डायोड गेला असता तर हा आकडा ०.५ च्या वर गेला असता.

पहिला दोष जाड वायरमध्ये. १.२ व्होल्ट वाटेतच जात होते. रेग्युलेटर (व्होल्टेज ठरावीक ठेवणारा भाग) मशीन-सेन्स आहे, म्हणजे अल्टरनेटर स्वतःच्या टर्मिनलचं व्होल्टेज सांभाळतो आणि बॅटरी उपाशी राहते. ही वायर इग्निशन बंद असतानाही जिवंत असते, त्यामुळे आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. ही वायर स्टार्टर सोलेनॉइडवर (स्टार्टरचा मोठा विद्युत स्विच) जिथे जोडली आहे, तिथल्या रिंग लगचं (वायरच्या टोकाला दाबून म्हणजे क्रिंप करून बसवलेली धातूची कडी) आवरण सोलल्यावर आत तांब्याच्या तारा काळ्या पडलेल्या, क्रिंपच्या तोंडाशी हिरवट पूड, आणि चार-पाच तारा बोट लागताच तुटल्या. बाहेरून लग चकचकीत होता, म्हणून नुसतं पॉलिश पेपर मारून हे सुटलं नसतं. लखलखीत तांबं लागेपर्यंत वायर मागे कापली, नवीन लग क्रिंप केला, नट घट्ट केल्यावर वरून पेट्रोलियम जेली. बॅटरीवर आता १३.९५.

तरीही अंधारात दिवा जरासा दिसायचा. हेडलाइटने फरक पडेना, ब्लोअरने मात्र पडायचा. या गाडीत हेडलाइट इग्निशन स्विचमधून जात नाहीत, ब्लोअर जातो, त्यामुळे संशय स्विचवर. बॅटरी आणि दिव्याची इग्निशन बाजू यांच्यात ०.९ व्होल्टचा तोटा निघाला. ब्लोअरसाठी रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) बसवला: त्याच्या ३० नंबरच्या पिनला बॅटरीकडून १५ अँपिअर फ्यूजमधून २.५ चौ. मिमी वायर, ८७ वरून ब्लोअर, ८६ ला जुनी फीड, ८५ अर्थ. स्विचमागचे कनेक्टरही साफ केले. तोटा ०.२ वर आला, दिव्यावर उरले ०.५५ व्होल्ट. आता अंधारातही काही दिसत नाही.

दिव्याची इतर लक्षणंही ध्यानात ठेवावीत. इग्निशन ऑन, इंजिन बंद, आणि दिवा लागतच नाही: बारीक वायर काढून अर्थला टेकवा. लागला तर दोष आत, बहुधा कार्बन ब्रश झिजलेले किंवा रोटरची, म्हणजे आतल्या फिरत्या भागाची, तार तुटलेली (ब्रश जिथे टेकतात त्या स्लिप रिंगवर ३ ते ५ ओहम मिळायला हवेत). नाही लागला तर बल्ब किंवा वायरिंग. इग्निशन बंद करूनही मंद पेटत राहिला तर पॉझिटिव्ह डायोड शॉर्ट आहे, बॅटरी लगेच सोडवा. पण इंजिन चालू असताना बॅटरी कधीच सोडवू नये, डायोड उडतात.

बल्ब २.२ वॉटचाच ठेवावा. रोटरला सुरुवातीचा करंट त्याच्यातूनच मिळतो; एलईडी लावला तर अल्टरनेटर उठायला कुरकुरतो. पुढचं काम तेच: होल्डरला समांतर ६८ ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर, म्हणजे बल्ब उडाला तरी चार्जिंग सुरू होईल.