दुसरी गिटार

१६ जुलै, रात्री

कालपासून झड लागली आहे. गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलंय, असं सकाळी दूधवाला सांगून गेला. क्लासला दोनच मुलं आली, त्यांनाही लवकर सोडलं आणि आजोबांची पेटी काढून बसले. पावसाळ्यात ती रुसतेच. आज कोमल गंधार दाबला की नुसती हवा यायची, सूर नाही.

आज डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडच्या ऑर्गनवाल्या जॉन लॉर्डचा स्मृतिदिन. २०१२ साली याच दिवशी तो गेला, ७१ व्या वर्षी. दर वर्षी या दिवशी मी काहीतरी वाजवते. कुणाला सांगत नाही.

अकरावीत असताना कॉलेज रोडवर मैत्रिणीच्या घरी तिच्या दादाने डीप पर्पलची कॅसेट लावली होती, ‘स्मोक ऑन द वॉटर’. मी म्हटलं, दोन गिटार किती एकजीव झाल्यात! दादा म्हणाला, “दुसरी गिटार नाहीये गं, ऑर्गन आहे.” मी तीनदा कॅसेट मागे घ्यायला लावली. तोवर माझ्या लेखी कीबोर्ड म्हणजे गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिनची उसनी जागा भरणारं वाद्य.

हॅमंड ऑर्गन हे मुळात चर्चमध्ये आणि दिवाणखान्यात वाजणारं सोज्वळ वाद्य. ना भाता, ना पितळी सूर. आत ९१ चाकं फिरतात, त्यांतून स्वर उठतात. त्याला सहसा फिरता लेस्ली स्पीकर जोडतात. लॉर्डने तो बाजूला ठेवून आपला हॅमंड गिटारवाल्यांच्या मार्शल अँप्लिफायरला जोडला. आवाज फाटला, खरखरला, गुरगुरला आणि बँडमधल्या रिची ब्लॅकमोरच्या गिटारसमोर छाती काढून उभा राहिला. माझ्या मते रॉकमधल्या कीबोर्डवाल्यांसाठी याहून मोठं काम कुणी केलेलं नाही.

आणि हा माणूस होता इंग्लंडमधल्या लेस्टरचा, पाचव्या वर्षापासून पाश्चात्त्य शास्त्रीय पियानो शिकलेला. लंडनला आला तो नाटक शिकायला. जॅझ ऑर्गन वाजवणाऱ्या जिमी स्मिथचं वेड होतंच. १९६८ मध्ये डीप पर्पल सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने रॉक बँड आणि रॉयल फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद यांना एका मंचावर बसवलं. रचना त्याचीच. वय २८. मी अठ्ठावीसची असताना लग्नाच्या स्वागत समारंभांत वाजवत होते.

एका मोठ्या कार्यक्रमातली गोष्ट अजून डाचते. आमच्या बँडचं शेवटचं गाणं होतं, त्यात सोळा मात्रांचा तुकडा माझा एकटीचा. वाजवला. खाली उतरल्यावर कळलं की मिक्सरवर माझी लाइन बंदच होती. साउंडवाला म्हणाला, “मॅडम, कीबोर्ड मागे भरायलाच असतो ना.” त्या रात्री गंगापूर रोडने घरी येईपर्यंत रडू थांबलं नाही. त्यानंतर मी प्रत्येक साउंडचेकला स्वतः मिक्सरपाशी जाऊन उभी राहते. सांगून ठेवते, हा आवाज गिटारच्या बरोबरीने हवा.

त्या अल्बर्ट हॉलच्या रचनेची स्वरलिपी १९७० मध्ये हरवली. सगळ्या वाद्यांची सगळी पानं गेली. जवळजवळ तीस वर्षं ती रचना फक्त ध्वनिमुद्रणात उरली. मग मार्को द खुई नावाच्या डच संगीतकाराने ते मुद्रण पुन्हापुन्हा ऐकून, चित्रफीत पाहून एकेक वाद्य वेगळं काढलं आणि सगळं नव्याने लिहिलं. लॉर्डनेही हात लावला आणि १९९९ मध्ये त्याच हॉलमध्ये ती रचना पुन्हा वाजली. बंदिशी कागदावर टिकाव्यात म्हणून स्वरलिपी घडवणाऱ्या विष्णु दिगंबरांनी ज्या नाशकात आश्रम काढला, तिथे राहून मला ही गोष्ट फार जवळची वाटते. आजोबाही नोटेशनवर विश्वास ठेवायचे. पण मला शिकवताना वही मिटून ठेवायला लावायचे.

तर पेटी. वरची फळी काढली. गंधाराच्या पितळी जिभेखाली कसपट अडकलं होतं, केसाएवढं. जुन्या पोस्टकार्डाचा कोपरा हळूच आत सरकवून ते काढलं, फुंकर मारली, फळी बसवली.

आणि लक्षात आलं, ‘स्मोक ऑन द वॉटर’ची सुरुवातच सा, कोमल ग, म अशी आहे. म्हणजे सकाळपासून माझ्याकडे त्यातला दुसराच स्वर नव्हता. गिटारवर तो एकेरी वाजत नाही, ऑर्गनवरही नाही. सा बरोबर खालचा प, कोमल ग बरोबर खालचा कोमल नी, म बरोबर सा. तशीच बोटं ठेवली, डाव्या हाताने भाता जोरात ओढला.

गंधार थोडा घोगरा लागला. तोच हवा होता. पुढचा तीव्र मध्यम घेतला तेव्हा फडताळातल्या स्टीलच्या वाट्या थरथरल्या, आणि आतून आई म्हणाली, “अगं, बाबांची पेटी इतकी मोठ्याने वाजते?”