आमची वाटचाल : आठ तास दहा मिनिटे

व्हिज्युअल बेसिक ६ ही मायक्रोसॉफ्टची प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा १९९८ साली आली आणि त्यानंतर वर्षभराच्या आतच मी आणि माझे भागीदार यांनी गोदामांसाठी वजन-नोंदीचा आमचा पहिला प्रोग्रॅम लिहायला घेतला. दोन संगणक आणि इलेक्ट्रॉनिक काट्याला जोडायची एक सिरियल केबल एवढेच आमचे भांडवल होते. ही केबल मी अजून जपून ठेवली आहे, कारण काट्याकडून येणारे आकडे अर्धवट तुटून आले तर ते कसे जोडून घ्यावेत, हे आम्ही कोणत्याही पुस्तकातून नव्हे, तर तिच्यावरच शिकलो.

सुरुवातीच्या चुका या धंद्यातील सर्वांनीच केल्या असतील. मोठी नोंद जतन होताना खिडकी गोठू नये म्हणून मी मध्ये डूइव्हेंट्स, म्हणजे चालू काम थांबवून वापरणाऱ्याच्या क्लिककडे लक्ष देणारी आज्ञा, टाकली; त्या फटीत वापरणाऱ्याने तेच बटण पुन्हा दाबले आणि एकाच गाडीची पावती दोनदा नोंदली गेली. भागीदारांनी त्या दिवशी ठरवून दिले की जतन सुरू होताच बटण निष्क्रिय झाले पाहिजे, नोंद एकाच व्यवहारात (एकतर सगळी, नाहीतर काहीच नाही, अशी) पुरी झाली पाहिजे आणि ती डिस्कवर उतरल्याशिवाय पडद्यावर काहीही रंगवायचे नाही. वजने व रकमा यांसाठी त्यांनी डबल हा अपूर्णांक अंदाजे साठवणारा आकड्यांचा प्रकार कधी वापरू दिला नाही. तेव्हा आम्ही दशांश नेमके साठवणारा करन्सी हा प्रकार वापरत होतो, पुढे मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट या नव्या प्रणालीवर आल्यावर तसाच डेसिमल वापरू लागलो. दशांश ०.१ आणि ०.२ यांची बेरीज डबलमध्ये नेमकी ०.३ होत नाही, हे आज सगळ्यांना ठाऊक आहे. पण ठाऊक असणे वेगळे आणि पहिल्या दिवसापासून ते पाळणे वेगळे.

त्यानंतरची बरीच वर्षे सुरळीत गेली. त्यांच्याविषयी लिहिण्यासारखे फारसे काही नाही.

डॉटनेट २.० वर आम्ही संपूर्ण प्रोग्रॅम नव्याने लिहिला, तेव्हा काट्याचा आकडा मोठ्या अक्षरांत दाखवणारे एक चित्र पडद्यावर आले. हे चित्र दर तीन सेकंदांनी नव्याने तयार होत असे आणि एका जुन्या नेटिव्ह कंट्रोलकडे (डॉटनेटबाहेरच्या, थेट विंडोजवर चालणाऱ्या घटकाकडे) बिटमॅपचे, म्हणजे चित्राचे, हँडल (विंडोजने दिलेला ओळखक्रमांक) म्हणून सोपवले जात असे. आमच्या सर्वांत जुन्या ग्राहकाकडे ही आवृत्ती बसवल्यावर चौथ्याच दिवशी तेथील भांडारपालांचा फोन आला. बटणांवरची अक्षरे नाहीशी झाली होती, खिडकीचा अर्धा भाग काळा पडला होता आणि चित्राच्या जागी पांढऱ्या चौकोनात लाल फुली उमटली होती. प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू केला की सर्व काही ठीक होत असे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच घडत असे.

आमच्या कार्यालयात मात्र काहीच बिघडत नव्हते. लॉगमध्ये कधी मेमरी अपुरी पडल्याचा, तर कधी जीडीआय प्लस या विंडोजच्या चित्रे रंगवणाऱ्या भागातील कसलाही खुलासा नसलेला सर्वसाधारण एरर दिसे, आणि त्या शब्दांवर विश्वास ठेवून आम्ही दोन आठवडे मेमरीच्या मागे धावलो. ग्राहकाच्या संगणकातील रॅम दुप्पट केली. जागोजागी गार्बेज कलेक्टरला, म्हणजे डॉटनेटमधील नको झालेली मेमरी मोकळी करणाऱ्या यंत्रणेला, हाका मारल्या. मी तर रंगवण्याच्या कोडभोवती रिकामा कॅच ब्लॉक, म्हणजे एरर पकडून त्याचे काहीच न करणारा तुकडा, घालून ठेवला होता आणि त्यामुळे पहिला एरर नेमका कुठे येतो, हेच लॉगमध्ये उतरत नव्हते. त्या दोन आठवड्यांपैकी निदान एक आठवडा त्या रिकाम्या कॅचमुळे वाया गेला, असे माझे आजही मत आहे.

याच काळात आमच्या एका प्रतिस्पर्धी संस्थेची माणसे आमच्या ग्राहकांकडे फिरू लागली. डेस्कटॉप सॉफ्टवेअरचे दिवस भरले आहेत, असे ते सांगत होते; तो त्यांचा अभिप्राय होता आणि मांडण्याचा त्यांना अधिकार होता. पण आमचा प्रोग्रॅम नोंदी गिळतो, असेही ते सांगत होते, आणि ते धडधडीत खोटे होते. पडदा काळा पडला त्या क्षणापर्यंतची प्रत्येक नोंद डेटाबेसमध्ये जशीच्या तशी होती, कारण आधी नोंद आणि मग रंगकाम हा भागीदारांचा नियम आम्ही कधीच मोडला नव्हता. एकही किलो हरवला नाही. तरीही महिन्याभरात चार ग्राहक गेले. त्यांपैकी एक पुढे परत आला, कारण नव्या प्रोग्रॅममध्ये दिवसाच्या पावत्यांची बेरीज आणि महिन्याचा गोषवारा काही दशांशांनी जुळत नव्हता. उरलेल्या तिघांनी आमची बाजू ऐकूनही घेतली नाही, याची खंत इतकी वर्षे उलटूनही गेलेली नाही.

आम्हाला वाचवले ते त्या भांडारपालांच्या वहीने. त्यांनी कोणी न सांगता प्रत्येक वेळी प्रोग्रॅम कधी सुरू केला आणि कधी बिघडला, हे लिहून ठेवले होते. सकाळी आठला सुरू, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी बंद. साडेनऊला सुरू, पाच चाळीसला बंद. वीज गेल्यामुळे एकदा दुपारी बाराला सुरू केला, तर रात्री आठ दहाला बंद. गाड्या कमी असोत वा जास्त, अंतर प्रत्येक वेळी आठ तास दहा मिनिटांचेच होते. भागीदारांनी वही वाचली, कागदावर २९,४०० सेकंद असा आकडा काढला, त्याला तीनने भागले आणि ९,८०० या उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. विंडोज एका प्रोसेसला, म्हणजे एका चालू प्रोग्रॅमला, मुळात १०,००० जीडीआय ऑब्जेक्ट्सच (रंगकामासाठी लागणारी चित्रे, फाँट वगैरे) देते. आमच्या खिडकीला स्वतःसाठी सुमारे दोनशे लागत होती. उरलेली आम्ही दर तीन सेकंदांना एक याप्रमाणे संपवत होतो.

टास्क मॅनेजरमध्ये जीडीआय ऑब्जेक्ट्सचा रकाना आपोआप दिसत नाही, तो निवडून घ्यावा लागतो. तो उघडला आणि आम्ही दोघे नुसते बघत बसलो : २०६, २०७, २०८. कोडमध्ये बिटमॅप यूझिंगमध्ये, म्हणजे काम संपताच वस्तू आपोआप मोकळी करणाऱ्या रचनेत, व्यवस्थित गुंडाळलेला होता, म्हणून आमची नजर त्या ओळींवरून शंभर वेळा निसटली होती. परंतु नेटिव्ह कंट्रोलसाठी आम्ही बोलवत होतो ती गेटएचबिटमॅप ही आज्ञा जे हँडल देते, ती चित्राची वेगळी प्रत असते. बिटमॅप मोकळा केला तरी ती मोकळी होत नाही, गार्बेज कलेक्टरला तिची गंधवार्ताही नसते आणि ती परत करण्यासाठी डिलीटऑब्जेक्ट स्वतःच बोलवावे लागते. कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलेले आहे. आम्ही ते वाचले नव्हते. दुरुस्ती एका ओळीची होती आणि ती फायनली ब्लॉकमध्ये, म्हणजे एरर आला तरी हमखास चालणाऱ्या तुकड्यात, गेली. त्यानंतर तीन रात्री आळीपाळीने जागून आम्ही तो रकाना पाहत होतो; आकडा दोनशेच्या आसपास घुटमळत राहिला, वर गेला नाही.

हा धंदा नव्याने सुरू करणाऱ्यांना, त्यांनी विचारले नसले तरी, एवढे सांगावेसे वाटते की आपण आपला प्रोग्रॅम ग्राहकासारखा चालवत नाही आणि निम्मे बग तिथेच दडलेले असतात. आम्ही चाचणीत तो सलग दोन तासही चालू ठेवत नव्हतो. गोदामात तो दिवसभर चालत असे. आमच्या संगणकावर आम्ही प्रशासक होतो. ग्राहकाकडे साधा वापरकर्ता होता आणि म्हणूनच विंडोज व्हिस्टा आल्यावर प्रोग्रॅम फाइल्स या फोल्डरमध्ये लिहिलेली आमची सेटिंग्जची फाइल गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर या प्रत्येक वापरकर्त्याच्या वेगळ्या फोल्डरमध्ये जाऊ लागली, तेव्हा एकाच संगणकावर दोन जणांना दोन वेगवेगळी सेटिंग्ज का दिसतात, हे शोधायला आम्हाला वेळ लागला. तारखांचेही तसेच असते : दिवस आधी की महिना आधी, हे त्या संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगवर सोडले, तर बारा तारखेपर्यंत चूक लक्षातच येत नाही. म्हणून वेगळ्या सेटिंगचा, कमी अधिकारांचा आणि रात्री बंद न होणारा एक संगणक चाचणीसाठी राखून ठेवावा, आणि कॅच ब्लॉक कधीही रिकामा सोडू नये.

भागीदार आता कामातून बाजूला झाले आहेत, पण त्यांनी दोन रेघा ओढलेला तो कागद वहीतच ठेवलेला आहे आणि वही आमच्या कपाटात आहे. भांडारपालांनी निवृत्त होताना ती स्वतःहून आणून दिली. त्या प्रसंगानंतरच्या प्रत्येक आवृत्तीत खिडकीच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, जीडीआय ऑब्जेक्ट्सचा चालू आकडा बारीक अक्षरांत दिसतो. भांडारपालांच्या जागी आलेले गृहस्थ दर सोमवारी फोन करून तो कळवतात. गेल्या सोमवारी तो २१४ होता.