टायटॅनियमची मूठ: पट्टी पातळ, अस्तर जाड

टायटॅनियम हलकं असतं, पण पोलादाच्या तुलनेत. सुरीच्या मुठीला पोलाद लावतो कोण? ग्रेड ५ या टायटॅनियम मिश्रधातूची घनता घन सेंटीमीटरला ४.४३ ग्रॅम, जी-१० ची (काचतंतू आणि इपॉक्सीचा पत्रा) १.८ च्या आसपास. मुठीच्या एका बाजूला लागणारी ११५ × २६ मिमीची ४ मिमी जाड टायटॅनियमची पट्टी ५३ ग्रॅम भरते, तेवढीच जी-१० ची २२. दोन्ही बाजू धरून साठेक ग्रॅम जास्त, आणि तेही सगळे मागे. पातं लहान असलं तर सुरी हातात मागे झुकणारच.

म्हणून पट्टी २.५ ते ३ मिमीचीच घ्यावी आणि टँग (पात्याचा मुठीत जाणारा भाग) व पट्टीच्या मध्ये १.५ मिमी जी-१० चं अस्तर घालावं. ४ मिमी टँग धरून मूठ १३ मिमीच्या आसपास येते, वजन आटोक्यात राहतं. तरी मागे जड वाटली तर टँगमध्ये भोकं पाडावीत, पण पातं कडक करण्याआधी. अस्तराचा दुसरा फायदा गंजाचा. ओल शिरली की टायटॅनियमला टेकलेलं कार्बन स्टील एरवीपेक्षा लवकर गंजतं. मधलं अस्तर त्यांना वेगळं ठेवतं.

ड्रिलिंगला घाई नको. ५ मिमीच्या कोबाल्ट ड्रिलला ५०० ते ६०० आरपीएम, भरपूर कटिंग ऑइल आणि सलग दाब. ड्रिल नुसतं घासत राहिलं की तिथला धातू कडक होतो आणि ड्रिलची धार बोथट होते. उष्णता पट्टीत पसरत नाही, टोकाशीच साचते. इंदूरच्या सियागंज बाजारात स्वस्तातलं साधं ड्रिल मिळतं, पण ते इथे वापरणं म्हणजे पैसे वाया. एक भोक पाडून त्यात पिन घालावी, मगच दुसरं. बोल्ट टायटॅनियमचे घेतले तर आट्यांना अँटी-सीझ (जाम होऊ न देणारं वंगण) लावावं, नाहीतर धातूला धातू चिकटून बोल्ट जाम होतो.

बेल्ट ग्राइंडरवर घासताना मात्र खरी काळजी. टायटॅनियमची बारीक भुकटी पेटते. पोलादाची धूळ साचलेल्या ग्राइंडरवर, किंवा लाकडाचा भुसा भरलेल्या डस्ट कलेक्टरला जोडून, हे काम करूच नये. पेटलंच तर पाणी नाही, कोरडी वाळू टाकायची. ती आधीच बादलीत भरून ठेवावी.

पट्टीचा बाह्य आकार आणि पुढची कड चिकटवण्याआधीच पूर्ण करावी. चिकटवल्यावर घासलं तर तापून इपॉक्सी सुटतं. शिवाय कडक टँगपेक्षा टायटॅनियम लवकर घासलं जातं आणि टँगची कड वर राहते. शेवटचं सपाटीकरण कडक ठोकळ्यावर सँडपेपर लावून हातानेच.

अ‍ॅनोडायझिंग (विजेने पृष्ठभागावर रंगीत थर आणणं) करायचं तर तेही चिकटवण्याआधी: ट्रायसोडियम फॉस्फेटचं पातळ द्रावण, डीसी पुरवठा, आणि द्रावणात बुडणारा हुक टायटॅनियमचाच. तीसेक व्होल्टला निळा, साठच्या आसपास पिवळा. व्होल्ट वाढवून रंग पुढे नेता येतो, मागे आणता येत नाही. बोटांचं तेल लागलेल्या जागी डाग उमटतो. रोजच्या वापराच्या सुरीवर हा रंग टिकत नाही, थर फार पातळ असतो. त्यापेक्षा ब्लास्ट केलेला (दाबाच्या हवेने बारीक कण मारून खरबरीत केलेला) करडा पृष्ठभाग बरा, ओल्या हातातून निसटतही नाही.

चिकटवायची बाजू १२० च्या सँडपेपरने खरबरीत करून अ‍ॅसिटोनने पुसावी आणि लगेच इपॉक्सी लावावं. इंदूरला जानेवारीत रात्री पारा १० च्या खाली जातो, तेव्हा चोवीस तासांचं इपॉक्सीही नीट धरत नाही. क्लँप दोन दिवस तसेच ठेवावेत.