पडदा आधी, कॅमेरा नंतर

गावातली चार-पाच पोरं मिळून फिल्म करायची म्हणतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला: कॅमेरा कोणता घ्यायचा? माझ्या मते तो शेवटचा प्रश्न आहे. बघणार कोण, कुठे बसून, किती वाजता, आणि त्यांना ऐकू येणार का, हे आधी ठरवा. कॅमेरा खिशात आहेच.

मालेगावात निघालेल्या ‘शोले’च्या नकलेचं उदाहरण सगळे देतात, पण त्यातली महत्त्वाची गोष्ट सांगत नाहीत. घोड्यांऐवजी सायकलवरून येणारे डाकू लोकांना आठवतात. पण २००० साली ती ‘शोले’ची नक्कल काढणाऱ्या शेख नासिर यांच्याकडे कॅमेऱ्याच्या आधी स्वतःचं व्हिडिओ पार्लर होतं. पडदा होता आणि रोज येणारा प्रेक्षक होता. समोरचा माणूस कशाला हसतो हे माहीत असलेल्या माणसाने काढलेली ती फिल्म होती.

म्हणून इथेही उलटीकडून सुरुवात करू. धरून चला की महिन्यातून एकदा अर्ध्या तासाचा ‘गावचा अंक’ काढायचा आहे: पाण्याच्या टाकीची किंवा रस्त्याची एक बातमी, एखाद्या म्हाताऱ्या कारागिराची मुलाखत, आणि आठ-दहा मिनिटांची एक गोष्ट. दाखवायचा शाळेच्या पटांगणात.

पडदा. दहा फूट रुंद पुरतो. १६ः९ या मापात त्याची उंची साडेपाच फुटांपेक्षा जरा जास्त भरते. सगळे पलंगावरची पांढरी चादर काढतात आणि तिथेच फसतात, कारण निम्मा उजेड आरपार जातो. चादर दुहेरी शिवून घ्या, किंवा जुन्या फ्लेक्सची पांढरी पाठ वापरा. फ्लेक्स चकाकत असेल तर मधोमध उजेडाचा गोळा दिसतो, त्यामुळे रात्री आधी लावून बघा. सगळ्यात चांगली म्हणजे चुना मारलेली सपाट भिंत. ती वाऱ्याने हलत नाही. कापडाचं शीड होतं, म्हणून वरच्या आणि खालच्या दोन्ही कडांना बांबू घाला आणि खालच्या बांबूला विटा बांधा. पडद्याची खालची कड जमिनीपासून निदान चार फूट वर हवी. नाहीतर तिसऱ्या रांगेपासून मागे सगळ्यांना पुढच्यांची डोकीच दिसतील.

प्रोजेक्टर विकत घेऊ नका, भाड्याने आणा. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त एलईडी प्रोजेक्टरवर नऊ हजार ल्युमेन (उजेडाचं माप) वगैरे छापलेलं असतं. खरा आकडा एन्सी ल्युमेनचा, आणि त्यात ही यंत्रं दोन-तीनशेच्या पुढे क्वचित जातात. घरात अंधार करून चालतील, पटांगणात नाही. बाहेर दहा फुटांसाठी ३,००० एन्सी ल्युमेन हवेत. यंत्राचा थ्रो रेशो १.५ असेल तर पडद्याच्या रुंदीच्या दीडपट, म्हणजे पंधरा फुटांवर ठेवावं लागतं. तो नेमका लोकांच्या मधोमध येतो. त्यासाठी टेबल आधीच मांडा आणि वायर जिथे पायवाट ओलांडते तिथे तिच्यावर पोतं टाका. खांबावरचा दिवा तेवढ्यापुरता बंद करण्याबद्दल ग्रामपंचायतीशी आदल्या दिवशीच बोला. मे महिन्यात पावणेआठच्या आधी पडद्यावर काही दिसत नाही, डिसेंबरात पावणेसातलाही चालतं. ध्वनिक्षेपक मात्र रात्री दहाला बंद करावा लागतो, त्यामुळे उन्हाळ्यात वेळ कमी उरते हे धरून अंक बेता.

भजनी मंडळाचा अँप्लिफायर आणि दोन पेट्या पुरतात. लॅपटॉप जोडल्यावर ‘हूं’ अशी सलग गुणगुण आली तर लॅपटॉपचा चार्जर काढा. बहुतेक वेळा दोन वेगळ्या सॉकेटमधून आलेल्या अर्थिंगचा तो आवाज असतो आणि बॅटरीवर घेतल्यावर थांबतो. पेट्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना, कानाच्या उंचीच्या जरा वर, लोकांकडे झुकवून ठेवा. कर्ण्यातून संवाद कळत नाहीत. कर्णा घोषणांसाठी ठीक आहे.

आता आवाज भरण्याबद्दल, कारण नवख्यांची फिल्म इथेच पडते. चित्र जरा काळपट असलं तरी लोक बघतात, पण बोलणं कळलं नाही की पाचव्या मिनिटाला गप्पा सुरू होतात. सहा फुटांवरच्या फोनच्या माइकमध्ये माणसापेक्षा खोलीच जास्त ऐकू येते. उपाय हजाराच्या आत येतो: कॉलरला लावायचा वायरचा माइक. बोया बीवाय-एम१ सारख्या माइकला सहा मीटर वायर असते आणि एक छोटं बटण असतं, एका बाजूला फोन, दुसऱ्या बाजूला कॅमेरा. ते चुकीच्या बाजूला राहिलं की अख्खी मुलाखत मुकी. कॅमेऱ्याच्या बाजूला एलआर४४ सेल लागतो, तोही संपलेला असू शकतो. फोनला गोल भोक नसेल तर टाइप-सी अडॅप्टर लागेल, पण काही अडॅप्टर फक्त ऐकण्यापुरते असतात, माइक घेत नाहीत. दुकानातच दहा सेकंद रेकॉर्ड करून, ऐकून घ्या.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे दोन फोन. एक चित्राला, दुसरा बोलणाऱ्याच्या खिशात, माइक जोडून, फ्लाइट मोडवर. रेकॉर्डिंग सुरू झालं की फोनसमोर एकदा टाळी वाजवा. एडिटिंगमध्ये टाळीचं टोक टाळीच्या टोकाला जुळवलं की काम झालं. दोन फोनची घड्याळं अगदी सारखी चालत नाहीत, म्हणून लांब मुलाखतीत अर्ध्या तासाला ओठ आणि आवाज यांत फरक दिसू लागतो. दर दहा मिनिटांनी थांबून नव्याने टाळी द्या.

माइक हनुवटीखाली एक वीत अंतरावर. मंगळसूत्र, गळ्यातली माळ, कडक इस्त्रीचा कुडता, सगळे माइकला घासतात. म्हणून आधी माणसाला हात हलवून बोलायला लावा आणि हेडफोन लावून ऐका. पंखा आणि फ्रीज बंद, मोटर चालू असेल तर थांबा. नव्या स्लॅबच्या घरात आणि सभामंडपात आवाज घुमतो. कॅमेऱ्याच्या मागे आणि बाजूला दोन-तीन गोधड्या टांगल्या की निम्मा घुमारा जातो. आवाजाची पातळी उणे १२ ते उणे ६ डेसिबलमध्ये खेळती ठेवा. शून्याला टेकून फाटलेला आवाज नंतर कोणीही दुरुस्त करू शकत नाही. निघण्याआधी सगळ्यांना गप्प बसवून त्या जागेची तीस सेकंदांची शांतता भरून घ्या, एडिटिंगमध्ये दोन वाक्यांमधल्या फटी त्यानेच बुजतात.

चित्राचं थोडक्यात उरकतं. १०८०पी पुरे, फोरकेने फक्त फोन भरतो. १७ एमबीपीएसला (सेकंदाला १७ मेगाबिट) मिनिटाला सुमारे १३० एमबी, म्हणजे तासाला साडेसात-आठ जीबी जागा लागते. फोन मुळात सेकंदाला ३० फ्रेम घेतो, ते २५ करा आणि शटर १/५० सेकंद. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइटखाली ३० फ्रेमला काळे पट्टे सरकताना दिसतात. ओपन कॅमेरा किंवा ब्लॅकमॅजिक कॅमेरा या फुकट अॅपमध्ये हे हाताने ठरवता येतं. उन्हात मात्र १/५० ठेवलं तर चित्र पांढरं फटक पडेल, कारण बहुतेक फोनच्या भिंगाचं तोंड लहान करता येत नाही. तिथे शटर आपोआप राहू द्या, फ्रेम २५च. फोकस आणि एक्स्पोजर दाबून कुलूपबंद करा, नाहीतर मागून पांढऱ्या शर्टाचा माणूस गेला की चेहरा काळा होतो. आणि भिंग पुसा. धुरकट चित्राचं कारण दहातल्या आठ वेळा बोटाचं तेल असतं.

उजेडाला पैसे लागत नाहीत. भर दुपारी अंगणात डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात, त्यापेक्षा ओसरीच्या कडेला, बाहेर तोंड करून बसवा. एका बाजूला अंधार वाटला तर पांढरा पुठ्ठा किंवा धुतलेलं धोतर धरा.

फोनचं फुटेज थेट एडिटिंगमध्ये टाकलं की एक विचित्र प्रकार होतो: सुरुवातीला ओठ जुळलेले, शेवटी सुटलेले. फोन कमी उजेडात किंवा तापल्यावर फ्रेमचा वेग स्वतःच बदलतो, त्याचा हा परिणाम. हँडब्रेक या फाइल बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ २५ ठेवून फाइल बदलून घ्या. एडिटिंगचं दाविंची रिझॉल्व्ह फुकट आहे, पण १६ जीबी रॅम नसेल तर रडवतं. जुन्या लॅपटॉपवर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह बरं. कॉलरचा माइक पुष्कळदा डाव्याच बाजूला भरतो. तो मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखा, केला नाही तर पटांगणात उजव्या पेटीकडे बसलेल्यांना फक्त पाखरं ऐकू येतील.

मराठी नावांचं दुखणं वेगळं. फोनवरच्या काही एडिटिंग अॅपमध्ये जोडाक्षरं तुटतात आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपीत टाइप करून आणलेला मजकूरही बहुधा युनिकोड नसतो, त्यामुळे चिकटवल्यावर कचरा दिसतो. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘नोटो देवनागरी’ या फॉन्टमध्ये नाव लिहून, पारदर्शक पीएनजी चित्र करून ते टाका. अक्षरं मोठी हवीत, फोनवर वाचता येतं ते पटांगणाच्या शेवटच्या रांगेतून वाचता येत नाही.

संगीत सिनेमातलं घेऊ नका. पटांगणात खपेल, पण यूट्यूबवर चढवलं की हक्काचा दावा आलाच. गावातल्या ढोलकीवाल्याची पाच मिनिटं भरून घ्या, त्याचं नाव द्या आणि परवानगी कॅमेऱ्यावरच बोलून घ्या. मुलाखतीच्या परवानगीचंही तसंच, आणि लहान मुलं असतील तर आईवडिलांची. टाकीच्या बातमीत ग्रामपंचायतीची बाजू घ्यायची राहिली तर दुसरा अंक निघणं अवघड होतं.

‘केबलवर लावू’ असं अजूनही ऐकू येतं. पूर्वी ते खरंच सोपं होतं. केबलवाल्याच्या खोलीत एक व्हीसीडी प्लेअर, एक मॉड्युलेटर, आणि एखाद्या रिकाम्या चॅनेलवर गणपतीची मिरवणूक सुरू. मार्च २०१७ पर्यंत टप्प्याटप्प्याने सगळं सेट-टॉप बॉक्सवर गेलं आणि सिग्नल मोठ्या कंपनीच्या हेडएंडवरून, म्हणजे मुख्य केंद्रावरून, कुलूपबंद येऊ लागला. गावातल्या ऑपरेटरच्या हातात आता वायर आणि वसुली उरली आहे. स्थानिक चॅनेलला ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ म्हणतात. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार त्याची नोंदणी मल्टी-सिस्टीम ऑपरेटरने, म्हणजे त्या मोठ्या कंपनीने, करायची असते, तुम्ही नाही. कम्युनिटी रेडिओचा परवाना स्वयंसेवी संस्थांना २००६ पासून मिळतो, टीव्हीसाठी तशी सोयच नाही. त्यामुळे गावचा टीव्ही म्हणजे प्रत्यक्षात पडदा, पेन ड्राइव्ह आणि व्हॉट्सॲप. तिकीट नाही म्हणून परवानगीही नको असं समजू नका. सार्वजनिक खेळाला सेन्सॉरचा कायदा आहे, आणि पोलीस ठाण्यात व ग्रामपंचायतीत पत्र देऊन पोच घेतलेली बरी.

शेवटची फाइल एच.२६४ एमपी४, १०८०पी, २५ फ्रेम, १० एमबीपीएस. अर्ध्या तासाची सव्वादोन जीबी होते. हे मुद्दाम, कारण एफएटी३२ फॉरमॅटच्या पेन ड्राइव्हवर चार जीबीच्या वरची फाइल बसत नाही आणि एक्सफॅट केलेला ड्राइव्ह बऱ्याच जुन्या टीव्हींना वाचता येत नाही. दोन पेन ड्राइव्ह न्या आणि अंक त्याच प्रोजेक्टरवर आधी पूर्ण चालवून बघा. खेळ संपल्यावर दिव्याच्या प्रोजेक्टरचा प्लग लगेच ओढू नका, आतला पंखा थांबेपर्यंत दिवा गार होत असतो. नंतर लोक ‘मला पाठव’ म्हणतील. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो चिखल होतो. ४८०पीची वेगळी प्रत काढा आणि ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा.