अंथरुणातला वीर

रविवारी जाग आली की चहाच्या आधी माझा हात फोनकडे जातो. खोड वाईट आहे, पण आहे. आणि फोनलाही माझी खोड कळलीय, तो हमखास तोच तुकडा पुढे करतो: १९८९ च्या सिनेमात केनेथ ब्राना या नटाने रंगवलेला इंग्लंडचा राजा पाचवा हेन्री लाकडी गाडीवर चढून आपल्या दमलेल्या सैनिकांशी बोलतोय. सगळं पाठ आहे, तरी अंगावर काटा येतो. पायावरची चादर मात्र हललेली नसते.

सिनेमा ज्या नाटकावरून काढला, ते शेक्सपिअरने लिहिलं १५९९ च्या सुमारास. लढाई त्याच्या कितीतरी आधीची, २५ ऑक्टोबर १४१५ ची, फ्रान्समधल्या अ‍ॅजिनकोर्टची. इंग्रज थोडे, त्यात वाटचालीने आणि हगवणीने पिचलेले. एक सरदार हळहळतो, आज इंग्लंडात रिकामे बसलेत त्यांतले दहा हजार इथे असते तर! राजा म्हणतो, एकही नको. वर सांगतो, ज्याला लढायचं नाही त्याने खुशाल परत जावं, परवाना देतो, वाटखर्चही देतो. (आमच्याकडे दोन दिवसांची रजा मागितली तर साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होतो.)

पण खरी करामत पुढे आहे. तो शत्रूला शिव्या घालत नाही, देशाच्या नावाने गळाही काढत नाही. तो बोलतो म्हातारपणाबद्दल. आज संत क्रिस्पिनचा दिवस, म्हणजे जोडे शिवणाऱ्यांच्या संताचा. जो यातून वाचेल तो दरवर्षी या सणाच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांना जेवायला बोलावेल, बाही वर सारून वण दाखवेल. म्हातारपणी बाकी सगळं विसरेल, पण आज काय केलं ते विसरायचा नाही, उलट थोडं तिखटमीठ लावूनच सांगेल. तिखटमिठाची परवानगी राजाने आधीच देऊन ठेवलीय, इथे मी दर वेळी हसतो. तासाभरात मरणाशी गाठ असलेल्या माणसाला त्याने सरळ सत्तरीत नेऊन पंगतीला बसवलं.

मग ते प्रसिद्ध शब्द. आपण मूठभर, भाग्याचे मूठभर, भाऊ-भाऊ. आज जो माझ्यासोबत रक्त सांडेल तो माझा भाऊ, मग तो कितीही हलक्या कुळातला असो. आणि शेवटी टोला: या घडीला इंग्लंडात जे अंथरुणात लोळताहेत, ते पुढे स्वतःला कपाळकरंटे म्हणतील.

आता लोळतोय कोण? मीच. तरी ऐकताना मी स्वतःला कधी त्यांच्यात धरलेलं नाही. मी आपला चिखलात, राजाच्या उजव्या हाताला उभा.

फोनवरचा तुकडा इथे संपतो, नाटक संपत नाही. लढाईनंतर राजाच्या हातात आपल्या मेलेल्यांची यादी येते. यॉर्कचा ड्यूक, सफोकचा अर्ल, सर रिचर्ड केटली, डेव्ही गॅम. चार नावं झाली. पुढे तो वाचतो, नाव घेण्याजोगं आणखी कोणी नाही. बाकीचे फक्त पंचवीस.

सकाळी हेच पंचवीस जण त्याचे भाऊ होते.

गेल्या रविवारी हा प्रवेश शोधून वाचला, जरा वेळ गप्प पडून राहिलो, आणि मग तोच तुकडा पुन्हा लावला. काटा आलाच. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘‘दूध संपलंय, कोण जातंय आणायला?’’

मी चादर डोक्यावर ओढून घेतली.