‘शॅल’ लिहिल्याने पत्र सभ्य होत नाही

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतून टेरी टॉवेलच्या परदेशी खरेदीदारांना जाणारी पत्रे माझ्याकडे तपासायला येतात आणि त्यांत भविष्याविषयीचे जवळजवळ प्रत्येक वाक्य ‘वी शॅल’ने सुरू झालेले असते. ‘शॅल’ प्रतिष्ठित, ‘विल’ साधे आणि ‘गोइंग टू’ केवळ बोलण्यातले, अशी समजूत त्यामागे आहे. मला ही उतरंड मान्य नाही. माल निघण्याविषयीचे वाक्य हे वचन आहे, बेत आहे की वेळापत्रक, हे आधी ठरवावे. औपचारिकतेचा विचार त्यानंतरचा.

प्रथम पुरुषी ‘शॅल’ने नुसते भविष्य सांगावे आणि ‘विल’ने वचन द्यावे, इतर पुरुषी याच्या उलट करावे, हा नियम जॉन वॉलिस यांच्या १६५३ च्या व्याकरणात आहे आणि शालेय पुस्तकांनी तो पुढे दीर्घकाळ जपला. आज ‘शॅल’ मुख्यतः करारातील बंधनासाठी आणि ‘शॅल आय सेंड द सॅम्पल?’ अशा विचारणेसाठी उरला आहे. अमेरिकेतील संघीय दिवाणी प्रक्रियेच्या नियमांची भाषा २००७ मध्ये सुधारताना तर तो त्या नियमांतूनही वगळला गेला.

मराठीत ‘पाठवतो’, ‘पाठवीन’ आणि ‘पाठवणार आहे’ यांत आपली गल्लत होत नाही. तीच जाण इंग्रजी लिहिताना वापरावी. खरेदीदाराने नमुना मागितला आणि आपण तत्क्षणी कबूल केले, तर ‘आय विल सेंड इट टुडे’ हेच योग्य, कारण ‘आय ॲम गोइंग टू सेंड इट’ म्हटल्यास ते आधीच ठरले होते असे ध्वनित होते. कंटेनर आणि ट्रक पक्के झाले असतील, तर ‘वी आर शिपिंग ऑन मंडे’ हे औपचारिक पत्रातही निःसंकोच लिहावे. जहाजाच्या वेळापत्रकासाठी ‘द व्हेसल सेल्स ऑन फ्रायडे’ पुरेसे आहे. अधिक भारदस्त हवे असल्यास ‘इज ड्यू टू सेल’ आहे. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी कामगारांच्या रजा आधीच लागल्या असतील, तर ‘प्रॉडक्शन इज गोइंग टू स्लो डाउन’ हे समोर दिसणाऱ्या कारणावर बेतलेले विधान ठरते आणि त्यात अनौपचारिक असे काहीच नाही. पत्रात टाळायचे ते ‘गॉना’ हे त्याचे बोलीतले रूप.

खरी सावधगिरी हवी ती ‘इज टू’ या वरकरणी भारदस्त रचनेबाबत. मंत्र्यांच्या दौऱ्याच्या बातमीत ती शोभते. पण ‘यू आर टू पे बाय फ्रायडे’ असे ग्राहकाला लिहिले, तर तो थेट हुकूम होतो. तेथे ‘पेमेंट इज ड्यू बाय फ्रायडे’ लिहावे, म्हणजे मुदतही स्पष्ट राहते आणि ग्राहकाचा मानही.