नॉक आउट गुलाब: बोडक्या बाजूला अखेर फुटवा

आला! माझ्या नॉक आउट गुलाबाच्या भिंतीकडच्या बोडक्या बाजूला, जमिनीपासून चार बोटांवर, जुन्या जाड काडीच्या सालीतून लालबुंद डोळा, म्हणजे नव्या फांदीचा कोंब, बाहेर पडलाय. नुसता फुगून बसलेला नाही. पहिली दोन पानं सुटलीत, आणि तीही नॉक आउटच्या नव्या पालवीचा तो गडद तांबूस रंग घेऊन. रोप स्वतःच्या मुळांवरचं आहे, कलमी नाही, त्यामुळे हा खुंटाचा रानफुटवा तर नाही ना, ही धाकधूकही नाही. खालून जे येईल ते आपलंच.

या झुडपासाठी ठरवलेला आकार असा: जमिनीला टेकणारा घेर, वर मंद घुमट, मधून हवा खेळेल एवढी मोकळीक. हा वाण आपणहूनच तीन-चार फुटांचा गोल गरगरीत होतो, म्हणून त्याला घुमटात बसवणं अवघड नव्हतं. तीन बाजू छान भरल्या. चौथी मात्र गुडघ्यापर्यंत उघडी, नुसत्या तपकिरी काड्या. वरून कितीही छाटा, फूट वरच यायची आणि खालची पोकळी आणखीच उठून दिसायची.

मागच्या वेळी लिहिलं होतं तसं, त्या बाजूची सगळ्यात लांब काडी दोरीने ओढून आडवी बांधली होती. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन (झाडाचं वाढीचं संप्रेरक) खाली झिरपतं आणि खालचे डोळे निजवून ठेवतं. काडी आडवी झाली की हा दाब सैल पडतो आणि पेरापेरातून फूट येते. आली की! काडीच्या पाठीवर कंगव्याचे दात उभे राहावेत तशा कोवळ्या फांद्या आल्या आणि प्रत्येकीवर कळ्या. फुलांच्या दृष्टीने या झुडपाचा हा सगळ्यात देखणा बहर म्हणावा लागेल. पण पोकळी जिथल्या तिथे. काडी तळाशी उभी निघून मग वळते आणि कमानीच्या सगळ्यात उंच जागेवरचे डोळे सगळा जोर ओढून घेतात. वळणाच्या खालचे तसेच मुके. आडव्या काडीने रुंदी मिळते, तळ भरत नाही, हे आता माझं पक्कं मत आहे.

मग डोळ्याच्या वर काप घ्यायचं ठरवलं. पेन्सिलीहून जाड काडी, तिच्यावरचा निजलेला डोळा (जुन्या सालीवर तो डोळा म्हणून दिसतही नाही, पानाच्या जुन्या खुणेची बारीक आडवी रेघ तेवढी शोधायची), त्याच्या पाच-सहा मिलिमीटर वर पात्याने आडवी खाच. साल पार करून लाकडाला टेकेल इतकीच खोल आणि काडीच्या घेराचा साधारण एक तृतीयांश. वरून येणारं ऑक्झिन त्या जागी अडतं आणि खालच्या डोळ्यावरचा पहारा उठतो. काप डोळ्याच्या खाली घेतला तर परिणाम उलटा होतो, तेव्हा जागा दोनदा बघून घ्यावी. पातं आधी ७० टक्के अल्कोहोलने पुसलेलं हवं, नाहीतर फांदीमर (काडी काळी पडून वाळत जाण्याचा रोग) त्याच खाचेतून आत शिरते.

दोन डोळ्यांवर सारखेच काप घेतले, एकाच जाडीच्या दोन शेजारी काड्यांवर. एक फुटला. दुसऱ्याची खाच भरून आली, वर साल धरली आणि डोळा ढिम्म. इथे मी अडकून पडलो. काप सारखा, काडी सारखी, पाणी-खत सारखं, मग फरक कशाचा?

फरक उजेडाचा आहे असं मला वाटतं. शेजारचं साल्व्हियाचं फुलझाड पसरून तळावर आलं होतं, ते मी मागे रेटून बांधलं आणि मुळाशी साचलेला पालापाचोळाही बाजूला केला. त्याने पहिल्या काडीचा पाया उघडा पडला, तिथे सकाळचं ऊन थेट येतं. दुसरी काडी अजून घुमटाच्याच सावलीत आहे.

हे मी हवेत बोलत नाही. फ्रान्समधल्या संशोधकांनी गुलाबाचे डोळे कशाने फुटतात यावर बरंच काम केलंय आणि त्यासाठी वापरलेला वाण होता ‘रॅडराझ’, म्हणजे विल्यम रॅडलर यांनी तयार केलेला आणि २००० साली बाजारात आलेला आपला हाच मूळचा नॉक आउट! त्यात दिसलं ते असं, की शेंडा उडवला तरी पूर्ण अंधारात ठेवलेला गुलाबाचा डोळा फुटतच नाही. लाल किंवा निळा प्रकाश मिळाला तर फुटतो. नुसत्या अतिलाल प्रकाशाने, म्हणजे लालच्या पलीकडच्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या प्रकाशाने नाही. पानं लाल प्रकाश शोषून घेतात आणि अतिलाल खाली जाऊ देतात, म्हणजे दाट पानोऱ्याखाली डोळ्याला जो उजेड मिळतो तो नेमका निजायला सांगणारा. साखरेचाही वाटा आहेच. २०१४ मध्ये वाटाण्याच्या रोपांवर दिसलं की शेंडा काढल्यावर खालचे डोळे हलतात ते ऑक्झिन ओसरण्याच्याही आधी, कारण अडलेली साखर झपाट्याने त्यांच्याकडे वळते. पण गुलाबाच्या डोळ्याला ती साखर वापरायलासुद्धा उजेड लागतो. एवढं वाचल्यावर मला माझ्या घुमटाचा प्रश्न वेगळाच दिसू लागला. वरचा घेर जितका दाट आणि देखणा, तितका तळ अंधारात.

एप्सम सॉल्टबद्दल (मॅग्नेशियम सल्फेट) पुन्हा विचारणा झाली आहे. तळातून फूट यावी म्हणून ते घालण्यात मला तथ्य वाटत नाही. मातीत मॅग्नेशियम कमी असेल, जुन्या पानांच्या शिरांमधला भाग पिवळा पडत असेल, तर जरूर घाला. एरवी ते शेणखताची जागा घेत नाही आणि निजलेल्या डोळ्याला उठवतही नाही.

कात्रीबद्दलही थोडं. एकमेकांना घासून जाणाऱ्या दोन पात्यांचीच कात्री घ्या. एका पात्याने सपाट पट्टीवर दाबून कापणारी कात्री हिरवी काडी चेंगरते आणि ती चेंगरलेली जागा काळी पडत खाली उतरते. मी फेल्को २ वापरतो. तिचा प्रत्येक भाग सुटा मिळतो, पातं गेलं की पातंच बदलायचं. खाचेसाठी मात्र कात्री नकोच, डोळे भरायचा, म्हणजे कलमं बांधायचा चाकू हवा.

फुलकिडे थोडे आहेत, फूल पांढऱ्या कागदावर झटकलं की दिसतात. उमललेली फुलं काढून टाकतोय, फवारणी नाही. थंड रात्रींनंतर उमललेल्या फुलांचा लाल रंग या वेळी इतका खोल आलाय की दोन दोन मिनिटं बघत उभं राहावं. उन्हाळी फुलांत हा रंग नसतो, थंडीत पाकळ्यांतलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य वाढतं.

आता पुढचं. बेत असा होता की नवा फुटवा दिसला की जुनी काडी लगेच तळाशी कापायची. ते रद्द. त्या काडीवरची पानंच या फुटव्याला पोसताहेत, ती इतक्यात गेली तर हा उपाशी राहील. फुटवा फूट-दीड फुटाचा झाला की त्याचा कोवळा शेंडा खुडणार, कळी वाटाण्याएवढी व्हायच्या आत. तळातून आलेली फूट मोकळी सोडली तर सरळ वर जाऊन टोकाला फुलांचं झुंबर करते आणि घुमटातून बाहेर डोकावते. खुडली तर खालीच तीन-चार फांद्या धरते, आणि मला तेच हवंय.

दुसऱ्या काडीसाठी पुन्हा काप घेणार होतो, पण हे लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. भिंत गडद रंगाची आहे. तिच्या पायाशी पांढरा रंगवलेला पत्रा थोडा कलता टेकवला तर उजेड परतून थेट तळावर पडेल. मग काप एकाच डोळ्यावर घ्यायचा आणि त्याच काडीवरचा दुसरा डोळा न कापता तसाच उजेडात ठेवायचा. दोन्ही फुटले तर चाकूची गरजच नव्हती असं म्हणता येईल. कापलेला एकच फुटला तर काप आणि उजेड दोन्ही लागतात. दोन-चार डोळ्यांवरून नियम सांगता येत नाही, म्हणून तुमच्याकडेही कुणाचं झुडूप असं एका बाजूने बोडकं असेल तर हाच प्रयोग करून बघा आणि कळवा. ऑर्किडवाले वापरतात ती सायटोकायनिनची (डोळे फुटायला लावणाऱ्या संप्रेरकाची) पेस्ट गुलाबाच्या जुन्या काडीवर कुणी लावून पाहिली असेल तर तेही सांगा. पत्रा उद्याच रंगवतोय.